उच्चाराचा रकाना

पहिल्या दिवशी विजयाताईंनी मला नाव विचारलं. मी सांगितलं, शौकत मुकादम. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं.

"हे झालं पासपोर्टातलं. घरी काय म्हणतात?"

मी गोंधळलो. दोह्यात मला तोवर सहा वर्षं झाली होती आणि ही तिसरी कंपनी. नाव विचारणारे पुष्कळ भेटले होते, पण उत्तर ऐकायच्या आधीच ते खाली बघून टाइप करायला लागत. "आई शवकत म्हणते," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरचं जाडजूड रजिस्टर पुढं ओढलं, माझं नाव इंग्रजीत लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात देवनागरीत लिहिलं, 'शौकत, शवकत'. मग टोपण लावून म्हणाल्या, "झालं. आता तुम्ही कुठं हरवत नाही."

आमचं स्टेडियम तेव्हा नुसता खड्डा होता. वर्ल्ड कप यायला अजून बरीच वर्षं होती, तरी शहरात जो तो त्याचीच भाषा बोलत होता. खड्ड्याच्या कडेला पोर्टा केबिनांची ओळ होती, आणि शेवटची लांबलचक केबिन म्हणजे आमची डॉक्युमेंट रूम. नकाशे, पत्रं, कामगारांची ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, मेडिकलचे कागद, सगळं तिथं यायचं. कागदाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, सिस्टिममध्ये चढवायचा आणि विसरून जायचं, एवढीच माझी त्या कामाची कल्पना. विजयाताई पांचाळ त्या खोलीच्या प्रमुख होत्या, आणि त्यांची कल्पना वेगळी होती.

"कागद ठेवणं सोपं हाय, मुकादम," त्या म्हणायच्या. "गाढवालाही ठेवता येतो. मागणारा कसा मागंल, ते आधी बघा. कुठं ठेवायचा ते मग."

त्या परभणीच्या. उंची बेताची, आवाज त्या मानानं मोठा. साडी कधी नेसत नसत, पण सलवार-कुडत्यावरही पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला खोचायची सवय. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. केरळच्या, मनिलाच्या, कैरोच्या लोकांना त्यांनी त्या चटणीची चटक लावली होती. रागावल्या तर शुद्ध बोलायच्या आणि खूश असल्या की परभणीचं. त्यामुळं सकाळी त्यांच्या पहिल्या वाक्यावरून आम्हाला दिवस कसा जाणार ते कळायचं. बहुतेक दिवस परभणीचेच असत.

वडील सुतार. गावातल्या कॉलेजच्या लायब्ररीसाठी त्यांनी एकदा सागवानी कपाट केलं होतं, छोट्या छोट्या साठ खणांचं. दहा वर्षांच्या विजयाताईंनी विचारलं, एवढ्याशा खणांत ठेवणार काय? वडील म्हणाले, मलाही नाही माहीत, तूच जाऊन बघ. त्या गेल्या. लायब्रेरियननं त्यांना कार्डं दाखवली. प्रत्येक पुस्तकाची दोन-तीन कार्डं, कुणी लेखकावरून मागेल म्हणून एक, कुणी नावावरून मागेल म्हणून एक, कुणी विषयावरून मागेल म्हणून आणखी एक. "एकच पुस्तक आणि त्याला यायच्या तीन वाटा," त्या सांगायच्या. "मला तेव्हाच पटलं, हे काम आपलं."

त्याच कामानं त्यांना जपानला नेलं. ग्रंथालयशास्त्राची पदवी झाली, नोकरी लागली, आणि सव्विसाव्या वर्षी एक शिष्यवृत्ती मिळून त्या तिथल्या एका विद्यापीठात दोन वर्षं शिकायला गेल्या. तोवर त्यांनी मुंबईसुद्धा एकदाच बघितली होती. दिगंबररावांशी लग्न ठरलेलं होतं, ते त्यांनी दोन वर्षं पुढं ढकललं. "थांबतो म्हणाले. थांबले. तेवढ्यावरच मी हा माणूस पसंत केला," असं त्या दिगंबररावांच्या समोर सांगत आणि ते चहात बघत हसत.

जपानच्या गोष्टी त्या फार सांगायच्या असं नाही. थंडीची किंवा फुलांची तर एकदाही सांगितली नाही. सांगायच्या त्या सगळ्या कॅटलॉगच्या. जपानी लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, सगळं एकाला एक लागून. माणसाला ते वाचताना कळतं, पण मशीनला शब्द कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते कसं कळणार? मग शोधणार कसं? त्यांच्या प्राध्यापकांच्या हाताखाली दहा-बाराजण ह्याच एका प्रश्नाला भिडलेले. ताईंच्या वाट्याला मजकुराचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे पाडून शोध किती बरोबर लागतो ते तपासायचं काम आलं. दोन वर्षं त्यांनी ते केलं.

पण त्यांचा खरा लाडका किस्सा वेगळाच होता. तिथं गेल्यावर पहिल्या महिन्यात त्यांना एका लेखकाचं पुस्तक हवं होतं. त्याचं आडनाव त्यांना चित्रलिपीत वाचता येत होतं. नाकाजिमा. तीन दिवस कॅटलॉग शोधला, पुस्तक नाही. शेवटी काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. बाई उठल्या आणि दोन मिनिटांत पुस्तक घेऊन आल्या. लिहिलेलं तेच होतं, पण हे गृहस्थ स्वतःला नाकाशिमा म्हणवायचे. तीच अक्षरं, वाचायची दोन तऱ्हांनी. आणि कॅटलॉग लावलेला असतो उच्चारावरून.

"म्हणून त्यांच्यात प्रत्येक नावाशेजारी उच्चार लिहितात," ताई सांगत. "त्यासाठी साधी अक्षरं हायेत त्यांच्याकडं, काना म्हणतात. मी त्या बाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळतं कोण नाकाजिमा आणि कोण नाकाशिमा? त्या म्हणाल्या, विचारतो. माणूस जिवंत असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या घरच्यांना. एकदा तर त्यांनी पत्र पाठवून दीड महिना उत्तराची वाट बघितली म्हणे. एका आडनावासाठी! मी म्हटलं, मायबाई, काम असावं तर असं."

तर रजिस्टरमधला तो रकाना तिथून आला होता. त्यांची काना, आपली देवनागरी. ताईंचं म्हणणं असं की इंग्रजी स्पेलिंगवर विसंबायची सोय आखातात नाही. एकाच माणसाचं नाव गावच्या शाळेत एक, पासपोर्टात दुसरं, एजंटाच्या यादीत तिसरं. आणि इथं आल्यावर ते अरबीत जातं आणि पुन्हा इंग्रजीत येतं तेव्हा ओळखू येत नाही. अरबीत 'प' नाही, 'च' नाही. त्यामुळं ताई स्वतः कुठल्याशा क्लिनिकच्या कागदावर पांचाळच्या 'बानशाल' झाल्या होत्या. तिथं नर्सनं "मिसेस बानशाल!" अशी हाक मारली की त्या आनंदानं उठायच्या. "बानशाल तर बानशाल. मला माहीत हाय ना तिकडं मी कुठं ठेवलेली हाय."

आमच्या साइटवर आलेल्या प्रत्येक कामगाराला त्या माझ्यासारखंच विचारत. घरी काय म्हणतात? साइटवर काय म्हणतात? रांग लांबली की आम्ही कुरकुर करायचो. मी तर मित्रांमध्ये त्यांची नक्कलही करायचो, हे इथं कबूल करतो.

हॅरिस नावाचा आमचा क्वालिटी मॅनेजर होता, तो नक्कल न करता सरळ विरोध करायचा. माणूस वाईट नव्हता, पण मोजून-मापून चालणारा. त्याचं म्हणणं, वस्तूला एकच अधिकृत नाव हवं. ताई अधिकृत नाव लिहायच्याच, पण त्याखाली लोकांच्या तोंडातली नावंही लिहायच्या. कुणी लिफ्ट म्हणतं, कुणी एलिव्हेटर. पश्चिमेकडच्या तळघरातल्या एका खोलीचा नकाशावर सहा अक्षरांचा नंबर होता, पण आतले पाइप लाल रंगाचे म्हणून सगळी साइट तिला 'रेड रूम' म्हणायची. ताईंनी त्या नकाशाला 'रेड रूम'ही जोडलं, आणि हिंदीवाल्यांसाठी 'लाल कमरा'ही. हॅरिसनं ते काढून टाकायला सांगितलं. ताई "येस" म्हणाल्या आणि काढलं नाही.

महिन्याभरानं दुपारी तिथला एक पाइप फुटला. फिलिपिनो फोरमन वायरलेसवर ओरडत होता, "रेड रूम, रेड रूम, कुठला व्हॉल्व्ह बंद करू?" हॅरिस शेजारीच उभा होता. मी 'रेड रूम' टाइप केलं, नकाशा आला, ताईंनी व्हॉल्व्हचा नंबर वाचून दाखवला, पाणी थांबलं. ताईंनी डबा उघडून हॅरिसपुढं चटणी सरकवली.

शुक्रवारी त्यांच्या घरी वेगळी लायब्ररी भरायची. दिगंबरराव रास लफानला गॅस प्लांटवर, त्यांची पाळी असली तर घरात ताई आणि मुलगा. सुट्टीवरून येणारी मराठी माणसं बॅगेतून आणलेली पुस्तकं त्यांच्याकडं ठेवायची, ती हळूहळू सहाशेच्या वर गेली होती. मांडणी जपानच्या ग्रंथालयांतल्या दशमान वर्गीकरणाच्या धर्तीवर. तिथं साहित्याच्या वर्गात पहिली जागा जपानीला दिलेली असते, चिनी, इंग्रजी वगैरे मागून. ताईंना ते फार आवडलं होतं. "आपल्या घरात आपलं आधी. त्यात भांडण्यासारखं काय हाय?" म्हणून त्यांच्या कपाटात मराठी आधी. पण कार्डावर मात्र त्या काहीही लिहायच्या. 'आजारपणात वाचायला बरं.' 'सासूबाईंना चालेल.' एकदा कुणाची तरी सात-आठ वर्षांची मुलगी येऊन म्हणाली, "आंटी, आय वॉन्ट दॅट यलो बुक, द क्रो वन." ताईंनी तिला पुस्तक दिलंच, आणि मग कार्डावर लिहिलं, 'पिवळं. कावळा.' मुलाला म्हणाल्या, "बघ, पुढच्या वेळी कुणी असंच मागितलं तर?" मुलगा म्हणाला, "आई, नोबडी विल." पुढच्या महिन्यात त्या मुलीच्या भावानं येऊन तेच मागितलं.

आता ती एप्रिलमधली मंगळवारची सकाळ सांगतो.

केबिनच्या दारात एक माणूस उभा होता. बिहारमधल्या सिवानचा, अब्दुल मुत्तलिब, रिगर. म्हणजे उंचावर तारा-दोर बांधून वजनं चढवणारा. आदल्या दिवशी त्याचा गेट पास बंद झाला होता, गार्डनं त्याला फक्त केबिनपर्यंत सोडलं होतं. मेडिकलमध्ये हृदयाचे ठोके बिघडलेले निघाले, उंचीवर काम करायला अयोग्य, असा रिपोर्ट त्याच्या फाइलला लागला होता. कंपनीनं गुरुवारचं तिकीट काढलं होतं. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, हे तो दारातच सांगू लागला.

"मॅडम, मैं तो क्लिनिक गया ही नहीं," तो म्हणाला. "मेरी बारी अगले महीने है."

ताईंनी मला तो कागद काढायला लावला. नाव होतं, अब्दुल मुत्तलिब. आयडीचा रकाना कोरा. मी नाव टाइप केलं होतं, पडद्यावर त्या स्पेलिंगचा एकच माणूस आला होता, त्याला कागद लावून मी मोकळा झालो होतो. हे काम माझंच होतं. आठवडा झाला होता.

ताई माझ्याकडं बघतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बघितलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, जिथं छताचा सांगाडा चढत होता.

"मुकादम, हा माणूस क्लिनिकला गेला नाही," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. "मग जो गेला होता, तो आत्ता कुठे आहे?"

एका धडधाकट माणसाला मी घरी पाठवायला निघालो होतो, हे मला कळलं होतं. पण हृदय बिघडलेला दुसरा कुणीतरी गेला आठवडाभर रोज वर चढतोय, हे कळलं नव्हतं.

ताईंनी रजिस्टर उघडलं. इंग्रजी नावांकडं त्या गेल्याच नाहीत. उच्चाराच्या रकान्यावरून बोट खाली नेत राहिल्या, पान उलटत राहिल्या. पानं बरीच होती, तोवर आमच्याकडं हजारांवर माणसं आली होती. तीन नावं निघाली. एक समोरच उभा होता. दुसरा सुट्टीवर गावी गेलेला. तिसऱ्याचं पासपोर्टावरचं स्पेलिंग भलतंच होतं, आधी एम डी, म्हणजे मोहम्मद, मग अब्दुल मोतालेब. सिस्टिममध्ये 'मुत्तलिब' शोधून तो कधीच सापडला नसता. बांगलादेशचा, काम पूर्वेकडच्या छतावर. शेजारी ताईंच्या अक्षरात, 'घरी: मोतालेब. साइटवर: मोती.'

त्यांनी बिरकत अल अवामेरच्या कॅम्पला फोन लावला. तिथले कामगारांच्या खोल्या बघणारे गृहस्थ म्हणाले, क्लिनिकची बस गेली त्या दिवसाची यादी आहे माझ्याकडं. हो, मोतालेब होता बसमध्ये. क्लिनिकात त्याचं नाव अरबीत जाऊन परत येताना मुत्तलिब झालं होतं.

ताईंनी वायरलेस उचलला. पूर्वेकडच्या फोरमनला म्हणाल्या, "मोती कहाँ है?"

"मोती ऊपर है, मॅडम."

"उसको नीचे लाओ. आराम से. डराना मत, बोलो मॅडम बुला रही है."

मग हेल्मेट डोक्यावर ठेवून त्या निघाल्या. अर्धा किलोमीटर असेल, ऊन डोळ्यांवर मारत होतं, आणि त्यांना मी कधी एवढं भराभर चालताना बघितलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा एक पंचेचाळिशीचा माणूस शिडीच्या शेवटच्या पायऱ्या उतरत होता. मागं एक, पुढं एक जण. त्याचा चेहरा हसरा होता. त्याला वाटलं, कुठल्या तरी कागदावर अंगठा राहिला असेल.

"मोतालेब भाई, बैठिए," ताई म्हणाल्या.

"मैं ठीक हूँ, मॅडम."

"मालूम है. फिर भी बैठिए."

तो बसला. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अँब्युलन्स येईपर्यंत काढला नाही. चक्कर येते का विचारलं तर तो आधी नाही म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, कभी कभी. परसों ऊपर आया था.

हॉस्पिटलनं त्याला ठेवून घेतलं, छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं. दीड महिन्यानं तो परत आला आणि अवजारांच्या स्टोअरमध्ये, जमिनीवर, काम करू लागला. सिवानच्या मुत्तलिबचा पास त्याच दुपारी सुरू झाला आणि तिकीट रद्द झालं. जाता जाता त्यानं दारातून विचारलं, "मॅडम, वो दूसरा ठीक है ना?" ताई त्या प्रश्नावर फार खूश झाल्या. दिवसभर परभणीचं बोलत होत्या.

माझं काय झालं? चौकशी झाली. ताईंनी रिपोर्ट लिहिला, त्यात लिहिलं की आयडीचा रकाना कोरा असलेला कागद डॉक्युमेंट रूमनं स्वीकारला, आणि खाली सही केली ती त्यांनी एकटीनं. मी म्हणालो, ताई, माझं नाव लिहा. त्या म्हणाल्या, "चूक तुमची नाही असं मी म्हणत नाही. तुमचीच हाय. पण कोरा रकाना आला तर काय करायचं हे मी कुठं लिहून ठेवलं होतं? ते माझं राहिलं." मग रजिस्टर माझ्याकडं सरकवून, "उद्यापासून नावं तुम्ही विचारा. रांग तुमच्याकडं."

मी विचारू लागलो. पहिल्या आठवड्यात लाजत. मग सवय झाली. लोक काय काय सांगतात! एक आडदांड नेपाळी वेल्डर कान लाल करून म्हणाला, घरी 'बाबू' म्हणतात. 

हॅरिसनं स्वतः येऊन सांगितलं की उच्चाराचा रकाना आता सिस्टिममध्येच घालायचा. पहिले चार दिवस देवनागरीच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन दिसले, मग नीट झालं. हॅरिस म्हणाला, ही कल्पना चांगली आहे, नवी आहे. ताई मला मराठीत म्हणाल्या, "नवी म्हणे! सांगू नका त्याला, उगं हिरमुसंल."

स्टेडियम पुरं झालं तेव्हा वर्ल्ड कपला वर्षभर होतं. दिगंबरराव निवृत्त झाले आणि त्यांचं परभणीला जायचं ठरलं. पुस्तकं दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाकडं गेली, कार्डांसकट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सामान आवरून झाल्यावर ताई म्हणाल्या, "मुकादम, मला गवत बघायचंय."

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, इतकी वर्षं त्यांनी त्या मैदानाचा प्रत्येक नकाशा हाताळला होता. खालचे पाइप, वाळूचे थर, पाणी मारायच्या तोट्या. प्रत्यक्ष गवत त्यांनी पाहिलंच नव्हतं. आमचा रस्ता केबिनपासून गेटपर्यंत आणि परत.

बोगद्यातून आम्ही आत गेलो. चाळीस हजार रिकाम्या खुर्च्या आणि मध्ये ते हिरवं. केनियाचा गार्ड म्हणाला, मॅडम, मैदानात पाय नाही ठेवायचा, कडेपर्यंत चालेल. पांढऱ्या रेषेच्या बाहेर हातभर पट्टी होती गवताची. ताईंनी चपला काढल्या, त्या पट्टीवर उभ्या राहिल्या, मग खाली बसून तळहात टेकवला.

"ओलं हाय की हो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दिगंबरराव बाहेर गाडीत थांबले होते, विचारत होते किती वेळ.

"येते म्हणावं," ताई म्हणाल्या, आणि उठल्या, पण निघाल्या नाहीत. ओढणी खोचून, अनवाणी, तिथंच उभ्या राहिल्या.